हडपसरचा दिवा, कोराडीची राख

(हडपसर येथील कुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला आहे ‘घरातील ऊर्जाबचत आणि पर्यावरण’. पत्रकाराला विषय दिला की तो आधी जुनी कात्रणे काढतो. मीही काढली आणि २००५-०६ सालच्या बातम्यांपाशी अडकून पडलो. मी कला शाखेचा पदवीधर. किलोवॅट म्हणजे काय आणि युनिट म्हणजे काय, हे मला पस्तिशीच्या आसपास, भारनियमनाच्या बातम्या लिहिण्याची पाळी आली तेव्हा कळले. समोर औद्योगिक वसाहतीत आयुष्य घालवलेले अभियंते बसलेले दिसतात. माझे काही चुकले तर त्यांनी सांभाळून घ्यावे.

ते दिवस आपल्यापैकी चाळिशीच्या पुढच्या मंडळींना आठवत असतील. जून २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशा कंपन्या झाल्या. पाट्या बदलल्या, पण वीज काही वाढली नाही. राज्यात मागणी आणि पुरवठा यांत प्रचंड तफावत पडली होती. पुण्यातही वेळापत्रक लावून वीज जाऊ लागली. गाडीतळावरचे दुकानदार मेणबत्त्या लावून बसत, इमारतींच्या उद्वाहनांत माणसे अडकत, आणि परीक्षेला बसलेल्या मुलांच्या घरी इन्व्हर्टर ही वस्तू प्रथमच आली. ग्रामीण भागाची स्थिती याहून कितीतरी बिकट होती. तेथे बारा-बारा तास अंधार असे.

मग पुण्याने तोड काढली. शहराची तूट नव्वद मेगावॅटच्या आसपास होती. उद्योगांकडे स्वतःची जनित्रे होती. भारतीय उद्योग महासंघाने पुढाकार घेतला, ‘प्रयास’ या पुण्याच्या अभ्यासू संस्थेने हिशेबाची बाजू तपासली, वीज नियामक आयोगाने संमती दिली, आणि जून २००६ पासून टंचाईच्या वेळी कारखान्यांनी आपली जनित्रे चालवायची व त्यांच्या वाट्याची वीज शहराला द्यायची, असे ठरले. डिझेलवरची वीज महाग. तो वाढीव खर्च महिन्याला ३०० युनिटपेक्षा जास्त वीज वापरणाऱ्या घरांनी व इतर मोठ्या ग्राहकांनी युनिटमागे ४२ पैसे अधिभार देऊन भरून काढला. पुणे भारनियमनमुक्त झाले. ‘पुणे प्रारूप’ म्हणून त्याचे देशभर कौतुक झाले. मीही त्या कौतुकाच्या बातम्या लिहिल्या.

कौतुक योग्यच होते. पण वीस वर्षांनंतर ती कात्रणे वाचताना एक गोष्ट मनात सलते. आपण तूट भरून काढली ती पैसे टाकून. वापर कमी करून नव्हे. नव्वद मेगावॅट ही काही डोंगराएवढी गोष्ट नव्हती. साठ वॅटचे पिवळे दिवे तेव्हा घराघरांत होते. शहरातील पाच लाख घरांनी ऐन संध्याकाळी तसे तीन-तीन दिवे विझवले असते, तर तेवढ्यानेच नव्वद मेगावॅट मोकळे झाले असते. हा हिशेब त्या वेळी बातमीत लिहावा, असे मलाही सुचले नाही. आणि शहरात दिवे लागताच विजेचा विषय आपल्या घरातून निघून गेला. तो परत आला तो फक्त महिन्याच्या बिलापुरता.

धुराडी कोणाच्या अंगणात?

आपल्यापैकी अनेकजण विजयादशमीच्या किंवा वर्गाच्या निमित्ताने नागपूरला जाऊन आले असतील. काहींनी कोराडीच्या जगदंबेचे दर्शन घेतले असेल. देवळाच्या परिसरातून मान वर केली की औष्णिक केंद्राची धुराडी दिसतात. तेथे ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच आहेत. जवळच खापरखेडा. दक्षिणेला चंद्रपूर, महानिर्मितीचे सर्वांत मोठे केंद्र, २,९२० मेगावॅटचे. पूर्वेला गोंदिया जिल्ह्यात तिरोडा, तेथे ३,३०० मेगावॅटचे खासगी केंद्र. राज्याच्या कोळशावरील विजेचा फार मोठा भाग विदर्भात तयार होतो. विजेची भूक मात्र मोठी आहे ती मुंबई-पुणे-नाशिककडे. तारांच्या जाळ्यात वीज एकदा शिरली की कोणती कोठली हे सांगता येत नाही, हे खरे. पण आपण येथे एक बटण दाबले की त्या जाळ्याच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी थोडा जास्त कोळसा भट्टीत ढकलतो, हेही तितकेच खरे.

एका युनिटसाठी किती कोळसा? साधारण पाऊण किलो. आपल्या देशी कोळशात राखेचे प्रमाण तीस ते चाळीस टक्के. म्हणजे प्रत्येक युनिटमागे सुमारे पाव किलो राख मागे उरते, आणि ती आपल्या दारात पडत नाही. १६ जुलै २०२२ रोजी, पावसाळ्यात, कोराडी-खापरखेडा परिसरातील खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला. राखेचा गाळ शेतांत आणि नदीनाल्यांत गेला, कोलार आणि कन्हान नद्यांपर्यंत पोहोचला. नागपूर शहराच्या एका मोठ्या भागाचे पिण्याचे पाणी त्याच कन्हानवर अवलंबून आहे. चंद्रपूरचे नाव तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या पाहणीत देशातील अतिप्रदूषित क्षेत्रांत अगदी वरच्या क्रमांकांत होते.

पर्यावरण म्हटले की आपल्याला ध्रुवावरचा बर्फ आठवतो. बर्फ वितळतो आहे, नाही असे नाही. परंतु मला वाटते, आपल्या घरातील दिव्याचे पर्यावरण समजून घ्यायला इतके दूर जावे लागत नाही. आपण ‘समाज माझा’ म्हणतो तेव्हा त्या समाजात खसाळ्याचा शेतकरीही येतो. त्याच्या शेतात राख आणि माझ्या खोलीत कोणी नसताना पंखा, असा हा व्यवहार आहे. ज्या गावांच्या शिवारात हे कोळशाचे डोंगर आहेत, त्या विदर्भातल्या खेड्यांनीही भारनियमनाच्या काळात अंधार सोसला, याची आपण पुणेकरांनी विशेष आठवण ठेवली पाहिजे.

पंडित दीनदयाळजींनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानववादावर चार व्याख्याने दिली. शेवटच्या व्याख्यानात त्यांनी निसर्गाच्या उपभोगाची मर्यादा सांगितली आहे. निसर्ग जेवढे सहज भरून काढू शकतो, तेवढेच घ्यावे. फळ तोडले तर झाडाला इजा होत नाही, असा दाखला त्यांनी दिला. पर्यावरण हा शब्द आपल्याकडे पुरता रुळलाही नव्हता, तेव्हाचे हे विचार आहेत. कोळसा हे फळ नव्हे. तो कोट्यवधी वर्षांचा ठेवा आहे आणि एकदा जाळला की संपला. आपण या विचारांचे अनुयायी म्हणवतो, तर आपल्या घराचे वीजबिल हे त्याचे एक प्रमाणपत्र मानायला हरकत नसावी.

बंबाकडून गीझरकडे

माझ्या लहानपणी घरी तांब्याचा बंब होता. पहाटे आई तो पेटवी. त्यात चिपाडे, नारळाच्या करवंट्या, लाकडाचे तुकडे, रद्दी, जे असेल ते. धूर होई, तो काही आदर्श नव्हता. पण पाणी मोजून मिळे. एका माणसाला एक बादली, त्यात विसण घालायचे आणि उठायचे. कोणी रेंगाळले तर पुढच्याला थंड पाण्याने अंघोळ. गीझर आला आणि पाणी मोजण्याची ही शिस्त गेली. दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास तापला की एक युनिट जाते. चार माणसांच्या घरात सकाळी दीड तास तो चालू राहिला तर तीन युनिट, महिन्याचे नव्वद. मुलांना आपण दिवे मालवायला सांगतो, ते चांगलेच. पण नऊ वॅटचा एलईडी दिवा दहा तास जळला तरी एक युनिट पूर्ण होत नाही. गीझर ते काम अर्ध्या तासात करतो.

आपण जेथे बसलो आहोत त्या हडपसरात याचे एक उत्तर डोळ्यांसमोर आहे. मगरपट्टा. चारशेहून अधिक एकर जमीन, सव्वाशेच्या घरातली शेतकरी कुटुंबे. या कुटुंबांनी जमीन बिल्डरला फुंकून टाकली नाही. सतीश मगर यांच्या नेतृत्वाखाली ती एकत्र ठेवली आणि २००० सालापासून तिच्यावर नगर उभे केले. त्यावर टीका करणारे आहेत. उसाची शेती गेली, याची हळहळ मलाही वाटते. परंतु तेथे घरे बांधतानाच छतावर सौर बंब बसवले आणि ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस तयार करण्याची व्यवस्था केली. सूर्य तापवील ते पाणी विजेने कशाला तापवायचे, ही साधी शेतकऱ्याची अक्कल त्यात आहे. शंभर लिटरचा सौर बंब नीट चालला तर वर्षाला दीड हजार युनिटपर्यंत वीज वाचवतो. आपल्याकडे ऊन पावसाळ्याचे काही आठवडे सोडले तर फारसे दगा देत नाही.

‘नीट चालला तर’ हे शब्द मी मुद्दाम उच्चारले. आता माझ्या स्वतःच्या सोसायटीची गोष्ट सांगतो. ही कबुली आहे, कारण त्या वेळी मी व्यवस्थापन समितीत होतो. आमच्या गच्चीवर सौर बंब होते. ते कधीतरी बंद पडले. टँकरचे आणि कूपनलिकेचे पाणी जड. नळ्यांत क्षारांचा थर बसला, एक झडप गळू लागली, कोणीतरी मुख्य तोटी बंद केली आणि ती तशीच राहिली. सुमारे तीन वर्षे! कोणाच्या लक्षातही आले नाही, कारण प्रत्येकाच्या न्हाणीघरात गीझर होता. आणि अधिक लाजिरवाणी गोष्ट अशी की सौर यंत्रणेसाठी पुणे महानगरपालिका मालमत्ता करात जी सवलत देते, ती त्या तीन वर्षांत आम्ही निमूटपणे घेत होतो. चौकात भ्रष्टाचारावर तावातावाने बोलणारे आम्ही सगळे.

एका निवृत्त अभियंत्याने हे प्रकरण सभेत काढले. पहिली प्रतिक्रिया काय होती? ‘गीझर आहे ना, मग कशाला खर्च?’ दुसरी, ‘आमच्या मजल्यावर गरम पाणी कधी येतच नव्हते.’ दुसऱ्या तक्रारीत तथ्य होते. गच्चीपासून खालच्या मजल्यांपर्यंत नळात जे थंड पाणी साचलेले असते ते आधी बाहेर यावे लागते, आणि तोवर माणूस दोन बादल्या मोरीत ओतून गीझरचे बटण दाबतो. म्हणजे पाणीही गेले आणि वीजही. त्यावर उपाय होता. गरम पाण्याच्या नळ्यांना उष्णतारोधक वेष्टण घातले, सर्वांनी ठरावीक वेळेतच गरम पाणी घ्यायचे ठरवले. एकापाठोपाठ सगळे घेऊ लागले की नळी तापलेली राहते. सुरुवातीचे थंड पाणी बादलीत धरून धुण्याभांड्यांना वापरायचे. नळ्यांतला क्षार काढायला वर्षातून एकदा माणूस येतो. खर्च प्रत्येक घरामागे फार आला नाही. भांडणे मात्र पुष्कळ झाली. माझ्या घरचे हिवाळ्यातले बिल महिन्याला ३१० युनिटवरून २०५ वर आले. आपल्याकडे दर टप्प्यांनी चढतात. ३०० युनिटची रेघ ओलांडली की पुढचे प्रत्येक युनिट महाग. त्यामुळे रुपयांतली बचत त्याहून ठळक होती. सौ. म्हणाल्या, ही सभा तीन वर्षांपूर्वी का घेतली नाही? माझ्याकडे उत्तर नव्हते.

पंखा, एसी आणि इतर

पंख्याकडे आपले लक्षच जात नाही. तो गरिबाचा म्हणून त्याला आपण निष्पाप समजतो. साधा पंखा ७५ वॅट घेतो आणि नवा बीएलडीसी पंखा तेवढाच वारा तीस-पस्तीस वॅटमध्ये देतो. घरात चार पंखे, उन्हाळ्यात दहा तास, असा हिशेब केला तर महिन्याला सुमारे पन्नास युनिट वाचतात. म्हणजे सुमारे चाळीस किलो कोळसा. एक पोते! एका घरात, एका महिन्यात. ‘प्रयास’चे गिरीश संत २०१२ मध्ये अकाली गेले. अतिकार्यक्षम पंख्यांचा कार्यक्रम देशाने हाती घ्यावा, म्हणून त्यांनी फार धडपड केली होती. तेव्हा पंख्यावर कसले संशोधन, असे अनेकांना वाटे. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना तारांकन सक्तीचे झाले. नवा पंखा घेताना तारे मोजा. जुना मोडीत काढून आजच नवा घ्या, असे मी सांगत नाही. जो दिवसातले सर्वाधिक तास फिरतो, तो आधी बदला. बहुतेक घरांत तो आजी-आजोबांच्या खोलीतला असतो.

एसीबद्दल मी उपदेश करणार नाही. हडपसरचा एप्रिल आता पूर्वीचा राहिलेला नाही, आणि घरात आजारी माणूस असेल तर गरज असते. इतकेच सांगतो, १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू करताच २४ अंशांवर असावा असा नियम आहे. तो अठरावर आणण्याचे काम आपण हाताने करतो आणि मग पांघरूण घेतो. एक अंश वर ठेवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता विभाग सांगतो. एसी २६ वर आणि वर हळू पंखा, एवढे करून पाहावे.

स्वयंपाकघरात आमच्या भगिनींना शिकवण्याचा अधिकार मला नाही. डाळ भिजवणे, झाकण ठेवणे, कुकरची दुसरी शिट्टी झाली की आच मंद करणे हे त्या जाणतातच. मात्र पुरुषमंडळींनी हे ध्यानात घ्यावे की आपला निम्म्याहून अधिक घरगुती गॅस परदेशातून येतो. स्वदेशीचा आग्रह धरताना आपण साबण आणि टूथपेस्टची यादी करतो. चहासाठी आधण चारदा ठेवायला लावतो, ती आयात त्या यादीत कधी येत नाही.

आता छतावरच्या सौर विजेविषयी. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॅटच्या घरगुती संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठरले, आणि सोसायट्यांच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार. एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतो. उद्वाहन, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे यांचे सामायिक बिल त्यावर भागू शकते. हे जरूर करावे. परंतु एक सावधगिरी सांगतो. ज्यांचे बिल शून्यावर आले त्यांच्याकडे मी वापर वाढलेला पाहिला आहे. ‘आता फुकटच आहे’ असे म्हणून दुसरा एसी. सूर्य संध्याकाळी मावळतो आणि नेमकी तेव्हाच राज्याची मागणी चढते. ती भागवायला पुन्हा कोळसाच पेटतो. म्हणून धुलाईयंत्र, इस्त्री, गच्चीवर पाणी चढवणे ही कामे दुपारी उरकावीत. संध्याकाळी सात ते दहा या वेळेत घर जितके शांत, तितके बरे.

शेवटी घरच्या लोकांशी थोडे स्पष्ट बोलतो. २०२५ च्या विजयादशमीला संघकार्याला शंभर वर्षे पूर्ण झाली आणि पंच परिवर्तनात पर्यावरण हा एक विषय आपण समाजापुढे ठेवला. समाज आपल्याकडे बघतो आहे. आज मी साडेचार वाजता या सभागृहात आलो, तेव्हा बाहेर लख्ख ऊन होते. आत खिडक्यांना पडदे ओढलेले, मंचावर चार झगझगीत दिवे, आणि मागच्या रिकाम्या रांगांवर सहा पंखे. व्यवस्था पाहणाऱ्या तरुणांनी माझ्या बोलण्याचा राग मानू नये. मंचावरून मी त्यातले दोन दिवे बंद करायला सांगितले, तेव्हा छायाचित्रकाराची कुरकुर झाली. गणेशोत्सवात तर आपलीच मुले मंडळांत असतात. रोषणाईची माळ पहाटेपर्यंत जळते आणि ती बंद करायची जबाबदारी कोणाची हे ठरलेले नसते. ते या वर्षी ठरवता येईल. एक नाव लिहा, वेळ लिहा.

माझी एक विनंती आहे. पुढचा मेळावा तीन महिन्यांनी आहे. प्रत्येक कुटुंबाने गेल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांची वीजबिले शोधून काढावीत. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, तो पाहावा. येताना ती आणि नवी बिले सोबत आणावीत. रुपये मांडू नयेत, दर बदलत असतात. फक्त युनिट लिहावेत. ज्यांच्या सोसायटीत सौर बंब आहेत त्यांनी या रविवारी गच्चीवर जाऊन नळी हाताला गरम लागते का, एवढे पाहून यावे. मी माझी बिले घेऊन येईन. त्यात मे महिन्याचा आकडा वाढलेला आहे, आमच्याकडे पाहुणे होते, तोही दाखवीन.